जुनी बारा तारांची गिटार घेताना: आधी नेक बघा, मग नाद ऐका

माझं बालपण मिरजेत गेलं. शाळेच्या वाटेवर तंबोऱ्यांची दुकानं लागायची. वाळत टाकलेले भोपळे, सरसाचा वास, आणि जवारी लावताना एकाच तारेला तासभर कान देऊन बसलेले कारागीर. पुढे न्यू जर्सीत आल्यावर ओळखीच्यांच्या घरी कोणीतरी बारा तारांची गिटार छेडली, आणि तो नाद मला परका वाटलाच नाही. जोडाच्या दोन तारा कितीही नीट मिळवल्या तरी केसाएवढं अंतर राहतं आणि त्या अंतरातून आवाज लाटेसारखा हलत राहतो. या गिटारीत तेच होतं.

त्या नादापायी मी पहिली जुनी गिटार घेतली ती निव्वळ कानाने. एका गॅरेजमधून, ६५० डॉलरला, पंधरा मिनिटांत. घरी आणून वाजवायला बसले तर पाचव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे तारा दाबताना बोटं हुळहुळायला लागली. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी नेकवर, म्हणजे त्या दांडीवर, स्टीलची पट्टी ठेवली, आत आरसा घातला, आणि पाच मिनिटांत सांगितलं: नेक रीसेट करावा लागेल (म्हणजे सोडवून नीट कोनात परत बसवावा लागेल), ब्रिज, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीसारखा भाग, सुटत आलाय, आतली एक आधारपट्टी निघाली आहे. खर्च गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त. दुसरी गिटार घेताना मी आठ महिने थांबले, अकरा गिटारी तपासल्या आणि बारावी घेतली. त्या आठ महिन्यांत जे शिकले ते क्रमाने मांडते.

## १. आधी हे समजून घ्या: या गिटारीवर काय गुदरलेलं असतं

सहा तारांच्या साध्या गिटारीवर हलक्या तारा लावल्या तर एकूण ताण साधारण ७५ किलो असतो. बारा तारांच्या हलक्या संचाचा ताण सुमारे ११० किलोवर जातो. पंचावन्न-साठ वर्षं रात्रंदिवस हा ताण तीन मिलिमीटरही जाड नसलेल्या लाकडी टॉपने पेललेला असतो. टॉप म्हणजे आपल्या तंबोऱ्याची तबली. ती हळूहळू फुगते, ब्रिज मागच्या कडेने उचलला जातो, नेकचा कोन पुढे झुकतो आणि तारा फिंगरबोर्डपासून (नेकवरच्या, बोटं दाबायच्या फळीपासून) वर वर जातात.

म्हणून जुन्या बारा तारांच्या गिटारीत तुम्ही खरी खरेदी करता ती नेकच्या कोनाची. नाद बहुतेक सगळ्यांचाच गोड असतो. तारा सैल पडलेली, वाकलेली गिटारही एखाद्या खुल्या कॉर्डला असा झंकार देते की माणूस विरघळतो. त्याच क्षणी पाकीट निघतं, म्हणून वाजवून बघण्याचा टप्पा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

याच कारणामुळे, आणि गिऱ्हाईक कमी असल्यामुळेही, जुन्या बारा तारांच्या गिटारी त्याच कंपनीच्या, त्याच काळातल्या सहा तारांच्या गिटारींपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. नवख्या माणसासाठी ही चांगली संधी आहे, फक्त ती स्वस्ताई कुठून आली हे प्रत्येक गिटारीच्या बाबतीत शोधावं लागतं.

## २. कोणत्या गिटारी भेटतील

मी एडिसनला राहते. इथून तासा-दीड तासाच्या परिसरात या वाद्याचा अर्धाअधिक इतिहास घडला आहे, हे मला शोधाशोध सुरू केल्यावर कळलं.

स्टेला. जर्सी सिटीतली ऑस्कर श्मिट कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नावाने स्वस्त गिटारी बनवायची. लेड बेली आणि ब्लाइंड विली मॅकटेल या ब्लूज गायकांच्या हातातली बारा तारांची गिटार ती हीच. लांब स्केल (तारेची वाजणारी लांबी), आडव्या आधारपट्ट्या, तारा टेलपीसला (गिटारीच्या शेपटाशी बसवलेल्या पट्टीला) अडकवलेल्या, आणि सूर खूप खाली उतरवून वाजवायची पद्धत. मात्र १९३९मध्ये हे नाव शिकागोच्या हार्मनी कंपनीकडे गेलं आणि त्यानंतर त्याच नावाच्या असंख्य साध्या गिटारी निघाल्या. जाहिरातीत 'जुनी स्टेला' एवढंच लिहिलेलं असेल तर ती कुठल्या काळातली, हे आधी विचारा. दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली खरेदी म्हणून ऑस्कर श्मिटच्या स्टेलाच्या वाटेला जाऊ नका. ती संग्राहकांची वस्तू आहे.

गिल्ड. १९५२मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही कंपनी १९५६मध्ये होबोकनला आली आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऱ्होड आयलंडमधल्या वेस्टर्लीला गेली. बारा तारांच्या गिटारींत मला सगळ्यांत भरवशाची वाटली ती हीच. १९६४च्या सुमाराला आलेली एफ-२१२ महॉगनीची, नंतरची एफ-४१२ मेपलची आणि एफ-५१२ रोझवुडची. या गिटारींच्या नेकमध्ये एकाऐवजी दोन ट्रस रॉड असतात, म्हणजे नेक आतून आवळायला दोन लोखंडी सळ्या. त्यामुळे इतक्या वर्षांनीही नेक सरळ राहिलेले पुष्कळ नमुने मिळतात. वजनाला मात्र जड.

मार्टिन. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावची कंपनी. १९६४ची डी१२-२० महॉगनीची, १९६५ची डी१२-३५ रोझवुडची, तिची पाठ तीन तुकड्यांची. दोन्हींचा नेक बाराव्या फ्रेटला अंगाशी जोडलेला आणि हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या माथ्याला) खाचा. चौदाव्या फ्रेटला जोड असलेली डी१२-२८ १९७०ची. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: १९८५च्या आधीच्या मार्टिनमध्ये फिरवून जुळवता येणारा ट्रस रॉड नाही. आत टी-आकाराची किंवा चौकोनी पोकळ लोखंडी पट्टी बसवलेली असते, तिला चावी लागत नाही. 'थोडं आवळून घेतलं की होईल' असं कोणी जुन्या मार्टिनबद्दल सांगत असेल तर त्या माणसाला गिटारीची माहिती नाही. एखाद्या दिवशी नाझरेथला जाऊन कारखान्यासोबतचं संग्रहालय जरूर बघा. चांगल्या अवस्थेतलं जुनं वाद्य कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं की पुढची तपासणी सोपी जाते.

गिब्सन. १९६१ची बी-४५-१२ आणि तिची लहान बहीण बी-२५-१२. आवाज जाड, भरीव. काही वर्षांच्या गिटारींवर तारा ब्रिजमध्ये खिळ्यांनी बसवलेल्या, तर काहींवर टेलपीसला. टेलपीस असेल तर तारांची ओढ ब्रिजवरून निघून गिटारीच्या शेपटाकडे जाते, त्यामुळे टॉप फुगण्याचं प्रमाण कमी. पण तारांचा दाब खाली येतो, म्हणून टॉप खचलाय का ते बघायचं. पुण्यात कॉलेजात ज्यांनी गिव्हसनवर हात साफ केला त्यांच्यासाठी सांगते: ती कोलकात्याची, ही अमेरिकेतली, नाव सोडून दोन्हींचा काही संबंध नाही.

परवडणाऱ्या. यामाहाची एफजी-२३०, आत 'निप्पॉन गाक्की' असं कंपनीचं जुनं नाव छापलेलं लेबल असलेली. आणि इटलीतली एको रेंजर. एकोचा नेक बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे त्याचा कोन दुरुस्त करणं पाना आणि लाकडाच्या पातळ चकतीचं काम आहे. आवाज गिल्डच्या पासंगालाही पुरणार नाही, पण बारा तारांवर आपला जीव खरंच जडतो का हे कमी पैशांत कळतं. माझा सल्ला विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने यामाहा किंवा गिल्ड एफ-२१२ यांपैकी एक शोधावी.

## ३. सोबत काय न्यायचं

- १८ ते २४ इंची स्टीलची सरळ पट्टी
- मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी
- लांब दांड्याचा छोटा आरसा, दंतवैद्य वापरतात तसा
- साउंडहोलमधून आत सोडता येईल असा छोटा दिवा
- अतिनील टॉर्च
- क्लिप ट्यूनर आणि कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा)
- कागदाचा साधा तुकडा
- तारांचा एक नवा संच

सगळं मिळून पन्नास-साठ डॉलरचं सामान आहे. सर्वांत मोलाचा आरसा. तो काढल्यावर विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही लक्ष द्या; ज्याला लपवायचं नसतं तो स्वतः दिवा धरतो.

## ४. जाहिरात वाचताना

रिव्हर्ब (वाद्यांच्या खरेदी-विक्रीची साइट), क्रेग्सलिस्ट, ईबे आणि लिलाव, या सगळीकडे शोधा. पण मागितलेल्या किमतीवर विश्वास ठेवू नका. रिव्हर्बवर त्याच मॉडेलच्या विकल्या गेलेल्या गिटारींचे भाव दिसतात, ते बघा. जुन्या गिटारींची नावाजलेली दुकानंही आहेत: नॅशव्हिलचं ग्रून, मिशिगनमधलं एल्डर्ली. तिथे भाव चढा असतो, पण अवस्थेचं वर्णन सविस्तर असतं. काही घ्यायचं नसलं तरी ती वर्णनं वाचा. कुठल्या दोषाला काय म्हणतात, ते तिथे शिकता येतं.

खासगी जाहिरातींची भाषा वेगळी. 'जरा सेटअप करावा लागेल' याचा अर्थ बहुतेक वेळा नेक रीसेट. 'ॲक्शन (तारांची उंची) थोडी वर आहे, स्लाइडसाठी उत्तम' याचाही तोच अर्थ. 'प्लेअर ग्रेड' म्हणजे दुरुस्त्या झालेली किंवा रंग बदललेली गिटार. वाजवायला घेणाऱ्यासाठी हे वाईटच असतं असं नाही. 'आजोबांची, माळ्यावर होती' हे ऐकलं की माळ्याचा उन्हाळा आणि हिवाळा आठवा. लाकडाचे सांधे तिथेच सुटतात.

निघण्यापूर्वी चार फोटो मागवा: नेकच्या बाजूने खालून वर, बाराव्या फ्रेटजवळ पट्टी लावून तारांची उंची, ब्रिज बाजूने, आणि हेडस्टॉकची मागची बाजू. हे पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे दोन तास गाडी चालवत जाऊ नये. मी दोनदा गेले, दोन्हीदा रिकाम्या हाताने परत आले.

## ५. प्रत्यक्ष तपासणी

इथे घाई करू नका. गिटार हातात आली की वाजवू नका, आधी ट्यूनर लावून बघा की ती कोणत्या सुरात आहे. दोन-अडीच सूर खाली उतरवलेली असेल तर नेक आणि टॉप खऱ्या ताणाखाली कसे दिसतात हे कळणारच नाही. मालकाची परवानगी घेऊन निदान डी-पर्यंत (नेहमीच्या ई-पेक्षा एक सूर खाली) चढवा आणि वीस मिनिटं तशीच ठेवा. तोवर बाकीचं बघता येतं.

नेकचा कोन. लांब पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम घासून वर निघालं तर उत्तम. टोक ब्रिजच्या अंगावर आदळलं, तर नेक पुढे झुकला आहे. किती खाली आदळतं त्यावर झुकाव कळतो.

तारांची उंची आणि उरलेलं सॅडल (ब्रिजवरची पातळ पट्टी, जिच्यावर तारा टेकतात). या दोन गोष्टी नेहमी एकत्र मोजा. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं. समजा साडेतीन आहे. एक मिलिमीटर कमी करायला सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. ब्रिजच्या वर सॅडल तीन मिलिमीटर दिसत असेल तर एकच उरेल, म्हणजे ताराही नीट टेकणार नाहीत. सॅडल आधीच ब्रिजला चिकटलेलं आणि तारा तरीही उंच असतील, तर नेक रीसेटला पर्याय नाही. मला आमच्या भागात यासाठी ७०० ते ९०० डॉलर सांगितले गेले. खाचेत सरसाने बसवलेला नेक वाफेने सोडवून, त्याची टाच तासून परत बसवायचा, असं ते काम आहे. स्वस्तात कोणी करून देतो म्हणालं तर विचार करा.

तासलेला ब्रिज. हा सापळा मला सगळ्यांत उशिरा कळला. रीसेटचा खर्च टाळायला कोणीतरी पूर्वी ब्रिजच तासून पातळ केलेला असतो. मग तारांची उंची ठीक दिसते, सॅडलही पुरेसं दिसतं. ब्रिजची जाडी मोजा. मार्टिनसारख्या गिटारीवर ती साडेआठ-नऊ मिलिमीटर असते. सहा भरली तर ब्रिज तासलेला आहे. असा ब्रिज त्या ताणाखाली चिरतो आणि नेकचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

ब्रिजची मागची कड. कागदाचा तुकडा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत शिरला तर सरस सुटला आहे. ब्रिजच्या मागे टॉप किंचित फुगलेला असणं स्वाभाविक आहे, कारण ताण तिथेच येतो. साउंडहोल आणि ब्रिज यांच्यामध्ये खड्डा पडलेला असेल तर मात्र आतल्या पट्ट्या सुटलेल्या असण्याची शक्यता मोठी.

आतून. दिवा आत सोडा, आरसा फिरवा. ब्रिजच्या बरोबर खाली आत एक कठीण लाकडाची फळी असते, तिला बारा भोकं जवळजवळ पाडलेली असतात. तारांच्या टोकाचे गोल मणी वर्षानुवर्षं ती भोकं कुरतडतात, आणि एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत चीर गेली की फळी बदलावी लागते. त्यानंतर आधारपट्ट्या. टॉपवर बोटाच्या पेराने हलकेच ठोकत जा. खडखडाट किंवा फुटक्या मडक्यासारखा आवाज आला त्या जागी आत आरशाने बघा. मिरजेत भोपळा असाच वाजवून घेतात.

नेकचा सरळपणा. जाड ई तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मध्ये, सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी, जाड कागदाएवढी फट हवी. फट मोठी असेल आणि ट्रस रॉड असेल तर विचारा, तो फिरतो का? स्वतः फिरवू नका. जुना अडकलेला रॉड तुटला तर गिटार तुमच्या गळ्यात पडेल.

हेडस्टॉक. बारा खुंट्यांच्या वजनाने तो लांब आणि जड असतो. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे भेगा तिथेच पडतात. खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारा. जुनी लॅकर (लाकडावरचा चकचकीत लेप) एकसारखी हिरवट-पिवळट चमकते. जिथे नंतर रंग मारला असेल ती जागा वेगळी दिसते. चांगली जोडलेली भेग ही काही गिटार सोडून देण्याची गोष्ट नाही, पण ती सांगितलेली असली पाहिजे आणि भावात दिसली पाहिजे. हेडस्टॉकवर बुजवलेली जास्तीची भोकं दिसली तर खुंट्या बदललेल्या आहेत, किंवा कोणीतरी मध्ये सहाच तारा लावून वापरली आहे. सहा तारांवर वीस वर्षं काढलेल्या गिटारीचा नेक अनेकदा उत्तम राहिलेला असतो.

खुंट्या. बाराच्या बारा एकेक करून फिरवा. एक जरी घसरत असेल तरी ही गिटार कधीच सुरात राहणार नाही.

## ६. आता वाजवा

खालच्या, म्हणजे खर्जाकडच्या, चार जोड्यांत एक तार जाड आणि एक तिच्या वरच्या सप्तकातली, जशी खरजाबरोबर षड्ज. वरच्या दोन जोड्या एकाच सुराच्या, तंबोऱ्यातल्या जोडासारख्या. प्रत्येक जोडी आधी खुली आणि मग बाराव्या फ्रेटवर दाबून ट्यूनरवर बघा. जोडीतल्या दोन्ही तारा तिथेही एकमेकींच्या जवळ राहिल्या पाहिजेत. जाड आणि बारीक तार एकाच सॅडलवरून जात असल्याने केसभर फरक राहणारच, पण कॉर्ड कडू लागली तर सॅडल किंवा नटमध्ये दोष आहे.

मग पहिल्यापासून चौदाव्या फ्रेटपर्यंत प्रत्येक जोडी सावकाश वाजवा. कुठे फुरफुर येते, कुठे सूर मरतो, ते लिहून ठेवा. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून पुन्हा. पुष्कळ जण या गिटारी एक सूर खाली ठेवून कॅपो लावूनच वाजवतात, त्यामुळे कॅपोखाली ती कशी वागते ते कळायला हवं.

नट किती रुंद आहे तेही हाताला विचारा. बहुतेक बारा तारांच्या गिटारींवर तो ४६ ते ४८ मिलिमीटर असतो. माझा हात लहान आहे. डी१२-२०चा नेक मला आवडूनही पेलला नाही, आणि तो निर्णय मी दुकानात अर्धा तास वाजवल्यामुळेच घेऊ शकले.

## ७. वय आणि अस्सलपणा

मार्टिनचं काम सोपं. आत नेकच्या टोकाशी लाकडावर कोरलेला क्रमांक असतो आणि कोणत्या वर्षी कोणता शेवटचा क्रमांक निघाला याची यादी कंपनीने प्रसिद्ध केली आहे. १९६५चा शेवट २०७०३०वर होतो. त्यापुढचा आकडा असूनही कोणी १९६५ची म्हणत असेल तर थांबा. गिब्सनचं तसं नाही. १९६०च्या दशकात त्यांनी तेच क्रमांक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून वर्ष ठरवता येत नाही. ब्रिजचा प्रकार, पिकगार्ड, लेबल हे सगळं जुळवून बघावं लागतं.

पूर्ण रंग काढून नवा दिलेली गिटार जुन्या गिटारींच्या व्यवहारात जवळपास निम्म्या किमतीची धरतात. वाजवण्यासाठी घेणाऱ्याला ती चालू शकते. पैसे मात्र निम्मेच द्या.

## ८. भाव

घासाघीस करताना एकच हिशेब समोर ठेवा: चांगल्या अवस्थेतल्या त्याच गिटारीचा विकला गेलेला भाव, वजा तुमच्या कारागिराने सांगितलेला दुरुस्तीचा खर्च. मी फोटो आणि मोजमापं घेऊन आधी कारागिरांकडे गेले, मग विकणाऱ्याला आकडा सांगितला. कागदावर मोजमापं असली की वाद होत नाही. ज्यात सॅडल दोन मिलिमीटर उरलंय आणि नेक रीसेट नक्की लागणार आहे, अशी गिटारही घ्यायला हरकत नाही, जर ९०० डॉलर आधीच वजा झाले असतील. उलट रीसेट नुकताच करून घेतलेली, पावती दाखवता येणारी गिटार जरा महाग असली तरी घ्या.

## ९. कागदपत्रं, विशेषतः भारतात न्यायची असेल तर

बिलावर कंपनी, मॉडेल, क्रमांक, अंदाजे वर्ष, केलेल्या दुरुस्त्या आणि लाकडांची नावं लिहून घ्या. खासगी व्यवहारातही साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. दुकानातून घेत असाल तर ४८ तासांत परत करण्याची मुभा लेखी असू द्या.

लाकडांची नावं का, ते सांगते. इंडियन रोझवुड म्हणजे आपला शिसव. आजोळच्या शिसवी कपाटाचं लाकूड अमेरिकन गिटारीच्या पाठीला बघून मला फार आनंद झाला होता. शिसवाच्या तयार वाद्यांना साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, कराराखालच्या परवान्यातून नोव्हेंबर २०१९पासून सूट आहे. ब्राझिलियन रोझवुडचं तसं नाही. ते १९९२पासून सर्वांत कडक यादीत आहे, आणि परवाना नसेल तर सीमेवर वाद्य जप्त होऊ शकतं. मार्टिनने १९६९च्या अखेरीपर्यंत तेच वापरलं. इथे नवखा माणूस हमखास फसतो: डी१२-२०चं अंग महॉगनीचं म्हणून तो निर्धास्त असतो, पण त्या काळात फिंगरबोर्ड आणि ब्रिजही ब्राझिलियन रोझवुडचे असत. सुट्टीला मिरजेला किंवा पुण्याला गिटार घेऊन जायचा विचार असेल तर अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून वाद्याचं प्रमाणपत्र आधी काढा, त्याला वेळ लागतो. किंवा १९७०नंतरची, शिसव वापरलेली गिटार घ्या. मी दुसरा मार्ग निवडला.

विमानात गिटार केबिनमध्ये नेण्याबद्दल: अमेरिकन विमान कंपन्यांना, चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर, गिटार आत न्यायला परवानगी द्यावी लागते. म्हणून लवकर चढण्याचा गट मिळवा. दुसऱ्या देशांच्या कंपन्यांचे नियम तिकीट काढण्यापूर्वी विचारा.

कुरिअरने मागवत असाल तर हेडस्टॉकच्या खाली आणि मागे भरपूर कागद किंवा फोम कोंबायला सांगा, तारा थोड्या सैल, विमा पूर्ण किमतीचा. हिवाळ्यात खोका आल्या आल्या उघडू नका. थंडगार लॅकर एकदम गरम खोलीत आली की तिला बारीक तडे जातात. चोवीस तास खोका बंदच ठेवा.

## १०. घरी आल्यावर

सर्वांत आधी तारा बदला. ०.०१० इंचापासून सुरू होणारा हलका संच पुरतो, आणि गिटार एक सूर खाली, म्हणजे ई ऐवजी डी-त ठेवा. एवढ्याने ताण साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो, ११० किलोचा ९०च्याही खाली येतो. वाजवताना मूळ सूर हवा तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. कारागिरांनी मला सांगितलेली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट.

तारा बदलताना बाराच्या बारा एकदम काढू नका, एकेक जोडी बदला. पहिल्यांदा मला दीड तास लागला होता, आता पाऊण लागतो.

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटर चालू झाला की ती वीसवर उतरते आणि टॉप चिरतो. केसमध्ये ओलावा देणारी स्पंजची डबी ठेवा आणि शेजारी आर्द्रतामापक. मुंबई-कोकणातला पावसाळा याच्या बरोबर उलट: लाकूड फुगतं, तारा वर येतात. तिथे गिटार केसमध्ये सिलिका जेलबरोबर ठेवायची आणि जून ते सप्टेंबर नेकला हात लावायचा नाही.

आणि तिसऱ्या जोडीतली बारीक जी तार. ती फक्त ०.००८ किंवा ०.००९ इंच जाडीची असते आणि सगळ्या तारांत तिचाच सूर सर्वांत उंच, पहिल्या ई तारेपेक्षाही. तुटते ती हीच, आणि तुटते ती पाहुणे बसलेले असताना. ती सुटी विकत मिळते. सहा एकदम घेऊन केसच्या कप्प्यात टाकून ठेवा, आणि तिला सुरात चढवताना तोंड जरा बाजूला धरा.